एकाच मजल्यावर थांबणारी लिफ्ट

बारा दिवस उरले

बाबांनी संप पुकारला त्या दिवशी आधी सगळ्यांसाठी चहा केला, आम्हा तिघांच्या हातात कप दिले, स्वतःचा पिऊन, धुऊन पालथा घातला आणि मग सांगितलं, की शेवटचं वाक्य आपण बोलणार नाही.

वाक्य असं होतं:

"झालं. आता ही लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबेल."

सात शब्द. रेकॉर्ड करायला फार तर पाच सेकंद. पण त्यांच्याशिवाय आमचा गेम संपत नव्हता, आणि तो बारा दिवसांनी विक्रीला जायचा होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. एकेचाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. मी आणि माझी नणंद, आम्ही दोघी कंप्युटरवर खेळायचे गेम बनवतो. म्हणजे आजवर एक बनवलाय आणि तोही पुरा व्हायचाय. मी कोड लिहिते, ती चित्रं काढते. एकेक ठिपका जोडून काढते, म्हणून बाबा तिला ठिपकी म्हणतात. गेमचं नाव 'लिफ्ट बंद आहे'. एकोणीस मजल्यांची इमारत, एक बिघडलेली लिफ्ट, आणि खेळणाऱ्याने नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. आवाज सगळे खरे, बाबांनी ओळखीच्या इमारतींतून गोळा केलेले. आणि गेमभर स्पीकरमधून "घाई करू नकोस, आधी ऐक" असं बजावणारा म्हातारा मेकॅनिक, तोही बाबाच.

बाकीची सगळी वाक्यं त्यांनी वर्षभरापूर्वीच बोलून दिली होती. हे एकच राखून ठेवलं होतं. काम पुरं झाल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही, असा त्यांच्या धंद्यातला नेम.

"पण का?" ठिपकीने विचारलं.

"लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबणार आहे का?"

"गेममधली? थांबते की. वहिनीने तपासलंय."

"गेममधली नाही. गेम."

माझ्या नवऱ्याने कप उचलला आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. सासूबाई त्या आधीच, आदल्या दिवशी, बहिणीकडे गेल्या होत्या. "तुमचा निकाल लागला की कळवा," एवढंच म्हणाल्या.

अजून बाराच

काय घडलं ते सांगते, नाहीतर बाबांचंच खरं वाटेल. तसं ते खरंच होतं, पण आमचंही थोडं ऐका.

कंप्युटरचे गेम आता इंटरनेटवरच्या दुकानांतून विकले जातात. त्यातलं एक जुनं दुकान. सगळे तिथेच जातात. तिथेच त्यांचे पंधरा-पंधरा वर्षांचे गेम साठवलेले, तिथेच मित्र, तिथेच भांडणं. आणि एक नवं दुकान. तिथे कोणी फिरकत नाही. म्हणून ते आमच्यासारख्यांना गाठतं आणि म्हणतं, एक वर्ष फक्त आमच्याकडे विका, बदल्यात एकरकमी पैसे घ्या. दोन वर्षं पगाराविना काम केलेल्या दोन बायकांना कोणी 'एकरकमी' म्हटलं, की त्यापुढचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. आम्ही सही केली.

मग मी एक यादी केली. मी प्रत्येक गोष्टीची यादी करते. 'करार झाल्याचं कोणाला आधी कळवायचं': संगीतकार, भाषांतरकार, तीन परीक्षक, बँक, ठिपकीची मैत्रीण (कारण ती रुसते). सात नावं. बाबांचं त्यात नव्हतं. बाबा घरातलेच, त्यांना काय कळवायचं, रात्री जेवताना सांगू.

नव्या दुकानाने सकाळी अकरालाच जाहीर करून टाकलं.

आता हे फार मोठं नसतं, जर आम्ही फोरम बाबांच्या हाती दिला नसता. फोरम म्हणजे जुन्या दुकानात आमच्या गेमच्या पानाखाली लोक प्रश्न विचारतात ती जागा. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने बाबा अनोळखी इमारतींत शिरून लिफ्टने वर-खाली करायचे आणि उतरल्यावर पहारेकऱ्याला तिचे दोष ऐकवायचे. दोन ठिकाणी त्यांना हात जोडून 'येऊ नका' म्हणून सांगण्यात आलं. म्हणून आम्ही म्हटलं, बाबा, तुम्ही लोकांना उत्तरं द्या. त्यांनी 'जुना मेकॅनिक' असं नाव घेतलं आणि एक तक्रारवही आणली. लिफ्टच्या कंपनीत असते तशी. क्रमांक, तारीख, माणूस काय म्हणाला, आपण काय कबूल केलं. शेवटचा रकाना: 'दुरुस्त झालं असं तो स्वतः म्हणाला का?' तो 'हो' म्हणेपर्यंत तक्रार उघडी.

त्या वहीत दोनशे चौदा जणांनी एकच गोष्ट विचारलेली होती: गेम जुन्या दुकानात येणार ना? आणि दोनशे चौदा वेळा बाबांनी लिहिलं होतं: हो. पहिल्या दिवशी. शब्द देतो.

आम्ही ती वही कधी उघडून पाहिली नव्हती.

अकरा

फोरमवरून, जसंच्या तसं:

*तळमजला:* माझ्या कंप्युटरवर आधीच नऊ दुकानं आहेत. दहावं घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
*जुना मेकॅनिक:* नवव्याच्या वेळी तत्त्व कुठे होतं?
*तळमजला:* तेव्हा एक गेम फुकट देत होते.

*दोन_माऊस:* मी हा गेम तसाही घेणार नव्हतो. आता तर मुळीच घेणार नाही.

*सविस्तर:* (सात भाग. ग्राहकाचे हक्क, बाजारपेठांचा इतिहास, स्वतःच्या लहानपणीचा एक प्रसंग, परत बाजारपेठा. शेवटची ओळ:) वेळेअभावी थोडक्यात मांडलं.

*गंजका_नट:* माझा बहिष्कार. पूर्ण एक वर्ष. ३६५ दिवस या गेमला हात लावणार नाही, मग जुन्या दुकानात आला की त्याच दिवशी घेईन.
*जुना मेकॅनिक:* करारातही हेच लिहिलंय.
*गंजका_नट:* मग मी करार पाळतोय असं नाही. मी बहिष्कार टाकतोय.

*शेवटचा_निरोप:* मेकॅनिककाका, तुमच्याशी यापुढे एक शब्द बोलणार नाही.
*शेवटचा_निरोप* (दुसऱ्या दिवशी)*:* कालचं लक्षात आहे ना? बोलणार नाहीये.

बाबा एकेकाला वहीत उतरवत होते. दोन_माऊससमोर त्यांनी लिहिलं होतं: 'नुकसान: नाही. राग: खरा.'

नऊ

(दहाव्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही.)

मी तयार उत्तरं लिहिली. एकूण सहा, क्रमांक घालून, म्हणजे कोणी काय बोललं त्याप्रमाणे चिकटवता येतील. मसुदा टेबलावर ठेवून मी केस धुवायला गेले, आणि परत आले तर त्याच्यावर लाल पेन्सिल फिरलेली.

> उत्तर १. आमच्या लाडक्या खेळाडूंनो, — *(लाडके होते तर विचारायचं होतं.)*
>
> उत्तर २. हा निर्णय आमच्यासाठी मुळीच सोपा नव्हता. — *(सही करून दोघींनी केक खाल्ला. मी डबा पाहिलाय.)*
>
> उत्तर ३. आम्ही आपल्या भावना समजू शकतो. — *(नाही.)*
>
> उत्तर ४. यामुळे आम्हाला अधिक चांगला गेम बनवता येईल. — *(गेम बनून झालाय. एक वाक्य उरलंय.)*
>
> उत्तर ५. नवं दुकान वापरायला अतिशय सोपं आहे. — *(कोणाला?)*
>
> उत्तर ६. एक वर्ष लवकरच सरेल. — *(माझं वय ७२.)*

"बाबा, हा ऑफिसचा कागद आहे," मी म्हटलं.

"तुमचं ऑफिस माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे, मॅडम."

बाबा रागावले की मला मॅडम म्हणतात. एरवी सूनबाई. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात मी तीनदा मॅडम झाले होते. या आठवड्यात चौदा वेळा.

ठिपकीने दुसरा उपाय सुचवला. "बाबांची जुनी रेकॉर्डिंग आहेत ना? 'झालं' कुठूनतरी कापू, 'लिफ्ट' तर शंभर वेळा बोललेत, 'थांबेल' मिळेल. जोडून टाकू."

आम्ही खरंच बसलो जोडायला. 'झालं' मिळालंच नाही. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तो माणूस एकदाही 'झालं' म्हणाला नव्हता. 'होईल' म्हणाला होता, 'होतंय' म्हणाला होता, आणि एका ठिकाणी, माइक चालू राहिलाय हे न कळून, 'या दोघींचं काही होईलसं वाटत नाही' असंही म्हणाला होता.

सात

नव्या दुकानाच्या संपर्क अधिकारी बाईंचा फोन. व्हिडिओवर. त्या कायम हसऱ्या असतात, वाईट बातमी देताना थोड्या जास्त.

"तुमच्या फोरमवर ते जुने मेकॅनिक म्हणून आहेत, ते कोण?"

"माझे सासरे."

"ते लोकांना सांगतायत की 'मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, तक्रार उघडी आहे, करार मला विचारून झालेला नाही.'"

"ते खरं आहे."

"हो, पण ते तुमच्या बाजूचे ना?"

"ते आमच्या घरातले आहेत," मी म्हटलं. ठिपकी शेजारी बसून वहीत त्या बाईंचं चित्र काढत होती. ठिपक्याठिपक्यांनी हसू वाढवत चालली होती.

"त्यांना आमचं दुकान एकदा वापरून पाहायला सांगा ना. मत बदलेल त्यांचं."

मी फोन म्यूट केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "बाबा, नवं दुकान टाकू का तुमच्या कंप्युटरवर?"

"माझी तक्रार नंबर दोनशे पंधरा," आतून आवाज आला. "उघडी आहे."

सहा

दुपारी बाबा वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"यात उत्तर तीन कोणी चिकटवलं?"

तक्रार क्रमांक १३१. नाव: कानोसा. मजकूर दोन ओळींचा: 'नव्या दुकानातलं बटण माझा स्क्रीन-वाचक वाचत नाही. त्यामुळे गेम घेता येणार नाही. बाकी तुम्हाला शुभेच्छा.' खाली माझं उत्तर: आम्ही आपल्या भावना समजू शकतो.

"मीच चिकटवलं. त्या दिवशी नव्वद उत्तरं दिली, बाबा. ही भांडत नव्हती, म्हटलं हिला तीन नंबर पुरे."

"स्क्रीन-वाचक म्हणजे?"

"ज्यांना दिसत नाही ते लोक वापरतात. पडद्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. दुकानवाल्यांनी बटणाला नीट नाव दिलेलं नसेल, तर त्याला ते बटण आहे हेच कळत नाही."

"म्हणजे हिला दिसत नाही."

"बहुतेक."

"आणि गेम सगळा आवाजाचा."

मी माझं उत्तर परत वाचलं.

बाबांनी खुर्ची ओढली. बसले. आणि मॅडम न म्हणता बोलायला लागले, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"लिफ्ट अडकली ना, की सगळ्यात जास्त कोण ओरडतं सांगू? खाली उभे असलेले. दुधाची पिशवी घेऊन, ऑफिसची बॅग घेऊन. कधी येणार, काय चाललंय, कर कशाला भरतो. नवा मेकॅनिक त्यांनाच उत्तरं देत बसतो. आत अडकलेला माणूस ओरडत नाही. एकदा बटण दाबतो. दोनदा दाबतो. मग गप्प बसतो. त्याला वाटतं, ऐकू गेलं असेल."

"मग खाली उभे असलेले खोटे?"

"खोटे कसे? त्यांना सात मजले चढायचेत. त्यांचा राग खरा आहे आणि मी शब्द मोडलाय, तोही खराच. पण आधी आतला काढायचा." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "दोनशे चौदांत आत किती जण आहेत ते शोधून दे. ओरडणारे सोडून दे. कमी बोललेले बघ."

पाच

तीन निघाले.

१३१. कानोसा. वर सांगितलेली.

५८. 'डेक_चार'. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. जहाजावर इंटरनेट महिन्यातून एकदा, बंदराला लागलं की. नवं दुकान गेम उघडताना दर वेळी इंटरनेट मागतं. त्याने लिहिलं होतं: 'हरकत नाही, माझ्याकडे डेमो आहे. पहिला मजला पाठ झालाय.'

१९०. 'जुनी_गाडी'. तिच्या कंप्युटरवर नवं दुकान चालतच नाही. गेम चालला असता. हिने फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं होतं. तिला मी उत्तर एक चिकटवलं होतं. लाडक्या खेळाडूंनो.

मी नव्या दुकानाच्या बाईंना फोन केला.

"सुलभतेचा विषय आमच्या पुढच्या आराखड्यात आहे," त्या म्हणाल्या.

"पुढचा म्हणजे कधीचा?"

"आत्ताच्या नंतरचा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तत्त्वाच्या बाजूने विचार केला. तळमजलाला मनातल्या मनात थोडं सॉरीही म्हटलं. लिहून मात्र पाठवलं नाही. त्याने त्यावर वेगळा धागा उघडला असता.

चार

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. या प्रकरणात आपण कोणाच्याच बाजूचे नाही, असं त्याने पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं, आणि ते निभावण्यासाठी तो जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्या दिवशी टेबलावर दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून त्याने करार उचलला.

"हे शेवटचं पान कोणी वाचलंय?" तो म्हणाला.

"शेवटच्या पानावर सह्या आहेत," ठिपकी म्हणाली.

"सह्यांच्या खाली. बारीक अक्षरात." त्याने कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला. "असली अक्षरं मी लोकांना सबंध दिवस वाचायला लावतो. चौदा-क. 'विक्री वगळता, चाचणीच्या कामासाठी निर्मात्यांना पन्नासपर्यंत प्रती थेट, कोणत्याही दुकानाशिवाय देता येतील.'"

मग ठिपकी म्हणाली, "दादा, तू बाजू घेतलीस."

"मी फक्त वाचलं," नवरा म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.

मला वाटलं होतं बाबा खूश होतील. ते म्हणाले, "फुकट प्रत देऊन गप्प करायचं, असंच ना?"

"तसं नाही, बाबा."

"मग त्यांना विचारा. तुम्ही ठरवू नका. एकदा ठरवलंत तेवढं पुरे."

तीन

बाबांनी कानोसाचा नंबर मागून घेतला आणि स्वतः फोन केला. स्पीकरवर, आम्हा दोघींना समोर बसवून.

कानोसाचा आवाज आमच्या कल्पनेपेक्षा करारी निघाला. ती एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर फोन घेते. "म्हणूनच मी दोन ओळींत लिहिलं," ती म्हणाली. "लांब लिहिलेल्याचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे."

"तुमच्या दोन ओळींचंही तेच झालं," बाबा म्हणाले. "माझ्या सुनेने तुम्हाला तीन नंबर चिकटवला."

"'भावना समजू शकतो'? आमच्याकडे तो पाच नंबर आहे."

मी टेबलाखाली जायचीच बाकी होते.

"तिला बोलायचंय," बाबांनी मला न विचारता जाहीर केलं.

"माफ करा," मी म्हटलं. "तुम्हाला गेमची प्रत थेट पाठवता येईल. दुकानाशिवाय."

"फुकट?"

"चाचणी म्हणून."

"मग चाचणी करते. नुसतं नाव नको. चुका काढल्या तर दुरुस्त करणार?"

"तीन दिवस आहेत फक्त."

"मी एका दिवसात काढते. दुरुस्तीचं तुम्ही बघा."

फोन ठेवल्यावर ठिपकी म्हणाली, "वहिनी, ही आपल्याकडे नोकरीला का नाही?"

"आपल्याकडे नोकरी नाही," मी म्हटलं.

जहाजावरच्या स्वयंपाक्याला आम्ही प्रत पाठवली ती जहाज बंदरात असतानाच, अर्ध्या तासाच्या फटीत. जुनी_गाडीने परत एक प्रश्नचिन्ह पाठवलं. बाबांनी तिला फोन करून वीस मिनिटं समजावलं. शेवटी तिने पूर्णविराम पाठवला, आणि बाबांच्या मते तो 'हो' होता.

दोन

कानोसाची यादी आली. सतरा चुका. माझ्या यादीपेक्षा नीट केलेली यादी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

पाचवी अशी: 'तेराव्या मजल्यावर ब्रेकचा आवाज आधी येतो, मोटरचा नंतर. खऱ्या लिफ्टमध्ये असं होत नसावं. मेकॅनिकना विचारा.'

बाबांनी हेडफोन लावले. तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून हातात धरून बसले.

"दोन वर्षं मी हा मजला ऐकतोय," ते म्हणाले. "मला कसं नाही कळलं?"

"मी आवाज उलटे लावले असतील," मी म्हटलं.

"ते तू केलंसच. पण मी पास केलं." त्यांनी पेन्सिल घेतली आणि वहीत स्वतःच्या नावावर एक नवी तक्रार चढवली. मग मला म्हणाले, "सूनबाई, मोटर आधी. अर्धा सेकंद. मग ब्रेक सुटतो, तो 'टक्'. मग दोर ताणला जातो. बस, मी सांगतो तसं लाव."

आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत लावत बसलो. सूनबाई म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

एक

सकाळी कानोसाचा निरोप: 'सतरापैकी पंधरा गेल्या. दोन राहिल्या, त्या चालतील. गेम पूर्ण केला. शेवटी आवाज येतच नाही, नुसती शांतता आहे. हे मुद्दाम का?'

बाबांनी तिला लिहिलं: 'नाही. तिथे माझं वाक्य यायचंय. तुमची तक्रार बंद करू का?'

'माझी करा. बाकीच्यांची करू नका.'

बाबांनी वहीत तीन ठिकाणी बरोबरची खूण केली. डेक_चारने बंदरातून एका शब्दात कळवलं होतं. पूर्णविरामाचा हिशेब त्यांनी आधीच लावला होता. मग वही मिटून ते उठले आणि रेकॉर्डिंगच्या कपाटात जाऊन बसले.

आमचा स्टुडिओ म्हणजे माझ्या बेडरूममधलं कपड्यांचं कपाट. आत कोट आणि गोधड्या टांगल्या की बाहेरचा आवाज येत नाही. आत एक स्टूल, एक माइक. बाबांना तिथे बरं वाटतं. ठिपकी म्हणते त्यांना ते लिफ्टच्या शाफ्टची आठवण करून देतं. बाबा म्हणतात तिथे कोणी सारखं काही विचारत नाही.

मी दार थोडं उघडं ठेवून बाहेर जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसले. ठिपकी पलंगावर. नवरा दारात उभा. तो आज कामावर जायला फारच रेंगाळत होता.

"बोलताय ना बाबा?" मी विचारलं.

"बोलतोय. पण तुमचं वाक्य नाही."

"उद्या गेम जायचाय."

"माहीत आहे. चालू कर."

मी चालू केलं. कपाटात कोटाची एक बाही सरकल्याचा आवाज झाला. मग ते बोलले. जाहीर करावं तसं नाही, दोराखाली उभ्या असलेल्या सोबत्याला वरून सांगावं तसं:

"तीन मजले चालू झाले. बाकीच्यांना सांग, काम चाललंय. मी इथेच आहे."

मी थांबवलं. परत ऐकलं. मागे कुठे खरखर नव्हती.

"अजून एकदा घेऊ?"

"कशाला? नीट आलं नाही का?"

"आलंय."

ठिपकी पलंगावरून उतरली. "बाबा, शेवटच्या चित्रात सगळे एकोणीस दिवे लागतात. चार महिने लागले मला ते काढायला."

"मग सोळा मालव."

"आणि लिफ्ट?" मी म्हटलं. "कोडमध्ये ती सगळीकडे थांबते."

"तीनच ठिकाणी थांबव. वर्षभराने जुन्या दुकानात गेम येईल, तेव्हा बाकीचे लावू. तेव्हा मी परत बसेन इथे."

ठिपकीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दिवे मालवायला घेतले. वरून सुरुवात केली. एकोणिसावा, अठरावा, सतरावा. एकेका खिडकीत चारशे ठिपके, सगळे तिने हाताने भरलेले. दर मजल्याला ती नाकातून श्वास सोडत होती. तेराव्यावर येऊन थांबली. "हा ठेवू का?"

"तो ठेव," आतून बाबा म्हणाले.

नवरा पुढे झाला आणि वाकून पडद्याकडे पाहत राहिला. काळोखी इमारत, त्यात तीन पिवळ्या खिडक्या.

"लोकांना वाटेल गेम अर्धवटच विकलाय," तो म्हणाला.

"वाटू दे," बाबा कोटांच्या मागून म्हणाले. "आणि कोणी विचारलं, तर उत्तर मी देईन. तुम्ही चिकटवू नका."